ब्लेंडरमध्ये 'सिद्धेश्वर' लिहिताना अक्षरं फुटतात, मॅन्युअल वाचून डोकं उठलंय

सोलापूरकर_थ्रीडी:
नमस्कार मंडळी, थोडं लांबेल पण तीन दिवस अडकून पडलोय म्हणून सगळंच लिहितो.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आमच्या मंडळासाठी गड्डा यात्रेला (आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची संक्रांतीची यात्रा) एलईडी स्क्रीनवर लावायची दहा-बारा सेकंदांची क्लिप करतोय. नंदीध्वज (यात्रेत मिरवतात ती उंच काठी) हळूहळू उभा राहतो आणि त्याच्या मागून सोनेरी अक्षरात 'श्री सिद्धेश्वर' येतं, बस एवढंच. नंदीध्वज झाला, त्याचा साज झाला, हिरव्या-लाल रंगाचं कापड हलतंय तेही जमलं. अडलंय ते नाव लिहिण्यात!

टेक्स्ट ऑब्जेक्ट घेतला, मुक्ता फाँट लावला, नाव दुसरीकडून कॉपी करून पेस्ट केलं, तर पहिली वेलांटी स च्या उजवीकडे जाऊन बसली, मग पाय मोडलेला द, त्याच्या शेजारी सुटा ध, मग परत पाय मोडलेला श आणि सुटा व. आजोबांना दाखवलं तर ते म्हणाले हे काय लिहिलंय. देवाचं नाव असं मोडून स्क्रीनवर लावू शकत नाही मी. चार फाँट बदलून बघितले, तेच. मॅन्युअलचं टेक्स्टवालं पान तीनदा वाचलं, फाँट कसा लोड करायचा, अक्षरांमधलं अंतर कसं वाढवायचं, सगळं आहे, पण आपल्या लिपीचं काय होतं ते मला तरी कुठे सापडलं नाही.

दुसरं म्हणजे चकाकी. ज्या ट्यूटोरियलवरून शिकलो त्यात ईव्हीच्या (ब्लेंडरचं रेंडर इंजिन, म्हणजे शेवटचं चित्र तयार करणारा भाग) सेटिंगमध्ये ब्लूम असा टिकबॉक्स आहे, तो टिक केला की सोनं चमकतं. माझ्याकडे ब्लेंडरचं ४.२ व्हर्जन आहे, त्यात तो टिकबॉक्सच नाही. मला वाटलं माझ्याच पीसीचा घोळ, म्हणून ब्लेंडर काढून परत टाकलं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट केला, एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. मॅन्युअलमध्ये ४.२ चं पान उघडलं तर तिथे जे आहे तेवढंच लिहिलेलं, जे काढलं ते कुठे नेलं हे नवीन माणसाने कुठे शोधायचं?

आधी एका क्लासला सहा महिने गेलो होतो, तिथे २.७९ वरच्या पीडीएफ दिल्या होत्या, त्यातलं निम्मं स्क्रीनवर दिसतच नाही. सॉफ्टवेअर एवढं भारी, तेही फुकट, करणाऱ्यांचे उपकारच आहेत, पण शिकणाऱ्याने धरायचं कशाला? कृपया कोणीतरी सांगा, संक्रांत तोंडावर आलीये.

नोड_आणि_नोंदी:
आधी चकाकीचं सांगतो, ते सोपं आहे. तुझा पीसी चांगला आहे भाऊ. ४.२ मध्ये (जुलै २०२४) ईव्ही नव्याने लिहिलं आणि तेव्हा ब्लूमचा टिकबॉक्स गेला. आता ते काम कंपोझिटरमध्ये, म्हणजे रेंडर झालेल्या चित्रावर प्रक्रिया करायच्या जागी, करायचं. कंपोझिटिंगच्या टॅबमध्ये जा, यूज नोड्स टिक कर, रेंडर लेयर्स आणि कंपोझिट यांच्या मधे ग्लेअर नोड (नोड म्हणजे एकेका कामाचा डबा, ते एकमेकांना जोडायचे) टाक, त्याचा प्रकार ब्लूम कर. काम करताना व्ह्यूपोर्टमध्येच चकाकी बघायची असेल तर वर उजवीकडे शेडिंगचा जो बाण आहे त्यात कंपोझिटर ऑलवेज कर.

हे सगळं लिहिलेलं आहे, पण मॅन्युअलमध्ये नाही, रिलीज नोट्समध्ये. मॅन्युअल सांगतं आज काय आहे, रिलीज नोट्स सांगतात काल होतं ते कुठे गेलं, आणि या दोन गोष्टी दोन वेगळ्या जागी आहेत हे नवीन माणसाला माहीतच नसतं. मला स्वतःला कळायला दोन वर्षं लागली. ४.१ मध्ये ऑटो स्मूथचा टिकबॉक्स गेला आणि त्याचा स्मूथ बाय अँगल नावाचा मॉडिफायर झाला तेव्हाही हेच. त्याआधी ४.० मध्ये प्रिन्सिपल्ड शेडरमधल्या (मटेरियलचा मुख्य नोड) खाचांची नावं बदलली, सबसरफेसचं सबसरफेस वेट झालं, ट्रान्समिशनचं ट्रान्समिशन वेट. जुना व्हिडिओ बघून करणारा माणूस ती नावं शोधत बसतो.

रेंडर_रात्रभर:
कोणाला राग येईल पण बोलतो. मॅन्युअल वाईट नाहीये, आपण ते वाचत नाही. कुठल्याही बटणावर माउस ठेवून एफ१ दाबा, थेट त्याच बटणाचं पान उघडतं, किती जणांना माहितीये? पानावर व्हर्जन बदलायची सोय आहे, म्हणजे ३.६ चं पान आणि ४.२ चं पान शेजारी शेजारी लावून बघता येतं. नेट नसेल तर अख्खं मॅन्युअल डाउनलोड होतं. मी २.७ च्या काळापासून आहे, तेव्हा राइट क्लिकने सिलेक्ट व्हायचं, २०१९ ला २.८० आलं आणि ते लेफ्ट क्लिकवर गेलं, लेयर्स जाऊन कलेक्शन्स आली, तेव्हा आम्ही पान न् पान वाचूनच परत शिकलो. लोकांना दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहिजे असतो.

नोड_आणि_नोंदी:
दादा, तुमचा अनुभव मोठा आहे, एफ१ चं तर सगळ्यांनी लिहूनच ठेवा. पण या पोराने टेक्स्टचं पान तीनदा वाचलंय, वाचत नाही असं त्याला कसं म्हणायचं? आपल्याला पान पटकन सापडतं कारण त्या गोष्टीचं नाव आपल्याला आधीच माहीत असतं. नवीन माणसाला अडचण माहीत असते, नाव नाही. 'माझी अक्षरं फुटतात' या नावाचं पान कुठेच नसतं.

आणि वाचून केलेलंही वाया जातं हो. जॉमेट्री नोड्स (नोड जोडून आकार बनवायची पद्धत) २.९२ मध्ये आले तेव्हा मी वहीत हाताने आकृत्या काढून शिकलो, अॅट्रिब्यूटची नावं टाइप करून नोड जोडायचे असा प्रकार होता. डिसेंबर २०२१ ला ३.० मध्ये फील्ड्स आले आणि विचार करायची पद्धतच उलटली. बदल चांगला होता, आता मी फील्ड्सशिवाय काम करूच शकत नाही, पण फील्ड म्हणजे मुळात काय हे डोक्यात बसायला मला पानं नाही, लोकांनी टाकलेल्या छोट्या छोट्या फाइल्स उपयोगी पडल्या. हुडिनी या दुसऱ्या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या हेल्पमध्ये बऱ्याच नोडच्या पानावरच उदाहरणाची फाइल असते, उघडायची आणि नोड हलवून बघायचे. नोड हलवून बघितल्यावर जे समजतं ते वर्णन वाचून समजत नाही, निदान मला तरी. तेव्हापासून वहीच्या प्रत्येक पानावर वरती व्हर्जन लिहितो.

अक्षरवेडी:
उशिरा बघितलं. मी डीटीपी करते, थ्रीडी थोडंच, पण अक्षरांच्या बाबतीत यातून गेलेय त्यामुळे सांगू शकते. फाँट बदलून उपयोग नाही, फाँट बरोबरच आहे.

'सिद्धेश्वर' युनिकोडमध्ये दहा तुकड्यांत साठवलेलं असतं, स, वेलांटी, द, हलंत (पाय मोडल्याची खूण), ध, मात्रा असं ओळीने. डोळ्याला मात्र चारच अक्षरं दिसायला हवीत, सि, द्धे, श्व, र. वेलांटी डावीकडे सरकवायची आणि द ध चं जोडाक्षर करायचं याचे नियम असतात, जोडाक्षराचा आकार फाँटच्या आत असतो, पण ते नियम लावणारं इंजिन सॉफ्टवेअरमध्ये असावं लागतं. ब्राउझरमध्ये ते असतं, इंकस्केपमध्ये (वेक्टर चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) असतं. ब्लेंडरचं टेक्स्ट ऑब्जेक्ट प्रत्येक तुकडा आला तसा शेजारी मांडतं. इंग्रजीत त्याने काही बिघडत नाही, म्हणून हे पानावर लिहायला पाहिजे असं कोणाच्या लक्षात येत नसावं. पण एक ओळ असती ना, की जोडाक्षरांच्या लिप्या इथे नीट दिसत नाहीत, तर या मुलाचे तीन दिवस वाचले असते. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण प्रत्येक मराठी, हिंदी, बंगाली माणूस तिथेच येऊन आपटतो आणि आपलंच काहीतरी चुकतंय समजतो.

आता उपाय. इंकस्केपमध्ये नाव लिही, तिथे बरोबर उमटेल. मग पाथ मेनूतून ऑब्जेक्ट टू पाथ (शिफ्ट+कंट्रोल+सी). त्यानंतर पाथ मेनूतूनच युनियन कर, ही पायरी अजिबात सोडू नकोस. आपल्या अक्षरांची शिरोरेखा एकमेकांवर थोडी चढलेली असते, ती एकजीव केली नाही तर ब्लेंडरमध्ये नेमकी त्या सांध्यांवर भोकं पडतात. मी पहिल्यांदा केलं तेव्हा प्रत्येक दोन अक्षरांच्या मधे रेघेला छोटी चौकोनी खिडकी दिसत होती, काय झालंय ते कळेना, मोठं करून बघितलं तेव्हा लक्षात आलं.

मग प्लेन एसव्हीजी (वेक्टर चित्राची फाइल) म्हणून सेव्ह कर आणि ब्लेंडरमध्ये इम्पोर्ट कर. आल्यावर काहीच दिसणार नाही, घाबरू नकोस, मुंगीएवढं येतं. आउटलायनरमध्ये (सीनमधल्या वस्तूंची यादी) फाइलच्या नावाचं नवीन कलेक्शन दिसेल, त्यातलं सिलेक्ट करून न्यूमपॅडचा टिंब दाब, व्ह्यू तिथे जाईल. सेट ओरिजिन टू जॉमेट्री कर, पाहिजे तेवढं मोठं कर, कंट्रोल+ए करून स्केल अप्लाय कर. मग हिरव्या कर्व्हच्या चिन्हाच्या टॅबमध्ये जॉमेट्रीखाली एक्स्ट्रूड (अक्षराची जाडी) वाढव, बेव्हलची (कडेची गोलाई) डेप्थ अगदी थोडी दे, कारण सोन्याची चमक कडेवरच पकडते. सोबत एक काळं मटेरियल आलेलं असतं, ते काढून तुझं लाव.

रेंडर_रात्रभर:
ताई, युनियनचं मला माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं मराठी टायटलं फोटोशॉपमधून चित्र म्हणून आणून प्लेनवर चिकटवत आलो. वरती मी जे बोललो ते टेक्स्टच्या बाबतीत मागे घेतो, हे मलाही वाचून कधी मिळालं नव्हतं.

सोलापूरकर_थ्रीडी:
झालं!! ताई, खरंच झालं. द्ध बघून अंगावर काटा आला. एसव्हीजी आल्यावर खरंच काही दिसलं नाही, तुम्ही आधी सांगितलं नसतं तर इम्पोर्ट फसलं म्हणून सोडून दिलं असतं. ग्लेअरचंही जमलं, थ्रेशोल्ड थोडा वर नेला तेव्हा फक्त कडा चमकायला लागल्या, कापड चमकायचं बंद झालं.

आता एकच. मंडळाचे लोक म्हणतायत नाव एकदम नको, एकेक अक्षर येऊ दे. पण युनियन केल्यावर शब्द अख्खा एकच तुकडा झालाय. युनियन न करता आणलं तर भोकं. काय करू?

अक्षरवेडी:
दोन फाइल कर. एक अख्ख्या शब्दाची, युनियन केलेली, ती तुझ्याकडे आहेच. दुसऱ्या फाइलमध्ये युनियन एकेका अक्षरापुरतं कर, म्हणजे सि चा एक तुकडा, द्धे चा एक, श्व चा एक, र चा एक. वेलांटी आणि स वेगळे ठेवू नकोस, नाहीतर वेलांटी एकटीच उडत येईल. हे चार तुकडे अॅनिमेट कर. ते जागेवर येऊन थांबले की आधीच्या फ्रेमला चारही तुकड्यांचं डिसेबल इन रेंडर्स बंद आणि अख्ख्या शब्दाचं चालू ठेवून की (त्या फ्रेमची नोंद) टाक, मग थांबलेल्या फ्रेमला उलट, तुकड्यांचं चालू आणि शब्दाचं बंद करून की टाक. दोन्हींचा एक्स्ट्रूड आणि बेव्हल सारखा ठेव, म्हणजे बदल कळणार नाही आणि शेवटी शिरोरेखा सलग दिसेल.

आणि जमलं की तुझी ब्लेंड फाइल इथेच टाक, व्हर्जन लिहून.

सोलापूरकर_थ्रीडी:
आज रात्री करतो. फाइल टाकतो, ४.२ लिहून, आणि इंकस्केपच्या दोन्ही फाइल पण सोबत देतो म्हणजे पुढच्याला भोकांपासून सुरुवात करावी लागणार नाही. आजोबांना सकाळी दाखवणार आहे.