बुलेटला जास्त लिफ्टचा कॅम टाकण्याआधी काय काय मोजायचं?

साष्टीकर_३५०
कास्ट आयर्न बुलेट ३५०, बोअर स्टँडर्ड ७० मिमी. जास्त लिफ्टची, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारी कॅमजोडी घ्यायचा विचार आहे. हेड उतरवून ठेवलंय, चवथीपूर्वी गाडी जोडायची आहे. मायक्रोमीटर, व्हर्निअर, डायल गेज हाताशी आहेत. कुठून सुरुवात करू? आणि मशीन शॉपवाल्याला काय विचारू?

फोंड्याचा_फिटर
आधी गाइड (व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते ती नळी), मग सीट (व्हॉल्व्ह मिटताना जिच्यावर बसतो ती कडा), मग स्प्रिंगची उंची, सगळ्यात शेवटी क्लिअरन्स (भागांमधली मोकळी जागा). हा क्रम मोडलात तर आधी घेतलेली मापं फुकट गेली.

व्हॉल्व्हची दांडी तीन ठिकाणी मोजा: कोलेटच्या (स्प्रिंगची टोपी दांडीला अडकवणाऱ्या पाचरीच्या) खाचेखाली, मधोमध, आणि खाली डोक्याकडे. प्रत्येक ठिकाणी ९० अंश फिरवून परत एकदा. खाचेखालचा भाग सहसा झिजत नाही, ते तुमचं मूळ माप. तिथल्यापेक्षा ०.०३ मिमी जरी कमी भरलं तरी नवा कॅम टाकताना तो व्हॉल्व्ह परत बसवू नका. गाइड मध्ये ठीक दिसतो, पण दोन्ही तोंडांना घंटेसारखा पसरतो, कारण रॉकर दांडीला बाजूला रेटतो. लिफ्ट वाढली की हा रेटा आणखी वाढतो.

गाइड बदलला की सीट कापावीच लागते, कारण जुनी सीट नव्या गाइडच्या मध्याशी जुळत नाही. पेस्टने कितीही घासलं तरी हा दोष जात नाही.

मशीन शॉपला तीनच प्रश्न: गाइड ठोकल्यावर रीमर मारता का (भोक नेमक्या मापाला आणता का)? कटरचा पायलट (मध्य धरणारी दांडी) गाइडमध्ये घट्ट बसतो का? स्प्रिंग टेस्टर आहे का? पहिल्या दोन्हींना 'हो' नसेल तर हेड तिथे देऊ नका.

साष्टीकर_३५०
धन्यवाद बाब. स्प्रिंगा सरळ कडक टाकू का?

बार्देश_बुलेट
गरज नसताना नको. जादा दाब कॅमचं नाक आणि टॅपेटचा (कॅमवर टेकून पुशरॉड उचलणाऱ्या भागाचा) पाय दोन्ही खातो.

आधी हिशेब करा. समजा स्प्रिंगची बसवलेली उंची ४० मिमी, पूर्ण दाबलेली स्प्रिंग २८, व्हॉल्व्ह लिफ्ट ९.५. ४० वजा ९.५ म्हणजे ३०.५, शिल्लक २.५ मिमी. किमान १.५ हवेत. आतली आणि बाहेरची स्प्रिंग वेगवेगळी मोजा, आतलीचे वेढे आधी एकमेकांना टेकू शकतात. रिटेनरचा (स्प्रिंगवरच्या टोपीचा) तळ आणि गाइडचं डोकं यांतही पूर्ण लिफ्टला १.५ ठेवा.

सीट कापल्यावर व्हॉल्व्ह जितका आत जातो तितकी दांडी वर येते आणि स्प्रिंग सैल पडते. तेवढ्याच जाडीचा शिम (चकती) स्प्रिंगखाली घाला.

फोंड्याचा_फिटर
बुलेटमध्ये पिस्टनइतकंच लक्ष दोन व्हॉल्व्ह एकमेकांना भिडतात का, याकडे द्या. दोघे तिरके समोरासमोर आहेत आणि ओव्हरलॅपला, म्हणजे एक्झॉस्ट मिटताना आणि इनलेट उघडताना, दोन्ही उघडे असतात. हलक्या स्प्रिंगा लावून ओव्हरलॅपच्या टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर) आणा, एक व्हॉल्व्ह बोटाने दाबा, दुसऱ्याला टेकेपर्यंत डायल किती फिरतो ते बघा. १.५ च्या खाली नको.

पिस्टनसाठी प्लॅस्टिसिनची चकती ठेवा, व्हॉल्व्हला तेलाचं बोट फिरवा म्हणजे चिकटणार नाही. जुनं दबलेलं गॅस्केट टाकून हेड पूर्ण कसा, क्रँक हाताने दोन फेरे फिरवा. ब्लेडने कापून सगळ्यात पातळ जागा मोजा: इनलेटला किमान २ मिमी, एक्झॉस्टला २.५. मध्येच अडकलं तर जोर लावू नका, तिथेच काहीतरी भिडतंय.

सत्तरीचा_मेकॅनिक
टॅपेटचा पाय राहिला. मार्कर फासून कॅम फिरवा, घासलेला पट्टा पायाच्या कडेपर्यंत पोचता कामा नये. पोचला तर तो कॅम या टॅपेटवर चालणार नाही. पायावर सरळ पट्टी धरून उजेडात बघा, खोलगट झालेला पाय नवा कॅम थोड्याच दिवसांत खराब करतो. जुने टॅपेट नव्या कॅमवर नकोच.

आणि पावसात कापलेल्या लोखंडी सीटवर एका रात्रीत गंज चढतो. संध्याकाळी तेल फासून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. गंजाने खड्डे पडलेली स्प्रिंग तर फेकूनच द्या, तिथूनच ती तुटते.

चोर्ला घाटात जाणार असाल तर लांब ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा) कॅम टाळा. इनलेट उशिरा बंद होतो, या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनात कमी वेगावरचा ओढा जातो.

साष्टीकर_३५०
समजलं. टॅपेट सेटिंग जुनंच ठेवू?

फोंड्याचा_फिटर
स्टॉक कॅमला थंड इंजिनात शून्य: पुशरॉड बोटांनी फिरतो, पण वर-खाली हलत नाही. नव्या कॅमला त्याच्याबरोबर आलेल्या कागदावरचं माप पाळा. नव्या कॅमचं बेस सर्कल (नाक सोडून उरलेला गोल भाग) लहान असेल तर अ‍ॅडजस्टर खूप बाहेर येतो, धाग्यात पुरेसे आटे राहिलेत ना ते बघूनच लॉकनट कसा.