डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या आजी-आजोबांसोबत चित्रकला, कोणी केलंय का?

कोथरूडकर: जवळच्या डे केअरमध्ये दर शनिवारी तासभर जाणार आहे, तिथे आठ-नऊ जण आहेत. चित्रकला बरी येते पण हा अनुभव शून्य. काय नेऊ?

रांगोळीवाली: वॉटरकलर राहू दे आधी. मी काळ्या कागदावर खडूने रांगोळीचे ठिपके काढून नेले, एक आजी ज्यांना सुनेचं नाव आठवत नाही त्यांनी न सांगता सगळे बरोब्बर जोडले, हाताची सवय फार उशिरा जाते म्हणतात ते खरंय. आणि "मागच्या वेळी काय काढलेलं, आठवतंय का" असं चुकूनही विचारू नकोस, बिचारे ओशाळतात.

निवृत्त नर्स: रंग तोंडात जातात हो, बिनविषारीच घ्या. ब्रशचं पाणी चहाच्या कपात ठेवू नका, आमच्याकडे एक आजोबा प्यायले! संध्याकाळी बरेच जण बेचैन होतात, सकाळची वेळ मागा.

कोथरूडकर: बापरे, कपाचं डोक्यातच आलं नसतं. २१ सप्टेंबरला अल्झायमर दिन असतो ना, तेव्हा प्रदर्शन लावू का?

रांगोळीवाली: त्यांना आणि घरच्यांना विचार आधी. काहींना चित्र काढायचंच नसतं, नुसतं शेजारी बसून बघतात, तेही चालतं.