आईच्या गुडघ्यांसाठी पाण्यातला व्यायाम: पोहता येत नसेल तरी चालेल का?

चेंबूर_कन्या

नमस्कार मंडळी. आईचं वय ६३, वजन सत्तरच्या आसपास, दोन्ही गुडघ्यांत ऑस्टिओआर्थरायटिस म्हणजे सांध्यांची झीज, बीपीची गोळी चालू आणि शुगरची पण एक. ऑर्थोंनी, म्हणजे हाडांच्या डॉक्टरांनी, एक्सरे बघितला आणि म्हणाले ऑपरेशनची घाई नको, वजन उतरवा, मांडीचे स्नायू मजबूत करा, जमलं तर पाण्यातले व्यायाम सुरू करा. एवढं बोलून बेल वाजवली, पुढचा पेशंट आत. आता चालायला चल म्हटलं तर गार्डनला अर्धी फेरी झाली की ती बाक शोधते. कुर्ल्याला स्टेशनचा पूल उतरताना कठडा धरून आडवी होऊन एकेक पायरी उतरते, मागून गर्दी रेटत असते, मला अगदी बघवत नाही.

प्रश्न असा की पाण्यात नक्की काय वेगळं होतं? आईला पोहता येत नाही आणि पाण्याची भीती पण आहे, आयुष्यात चौपाटीवर घोट्यापर्यंतच गेलीये. बीपी असताना पाण्यात उतरलेलं चालतं का? आणि किती दिवसांत फरक पडतो? कोणी स्वतः केलं असेल किंवा घरात कोणी करत असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

मुलुंडचा_काका

माझं गुडघ्याचं नाही, कमरेचं दुखणं, एल-फोर एल-फाइव्ह या मणक्यांमधली गादी सरकलेली. पण पाण्याचा अनुभव आहे म्हणून लिहितो. जमिनीवर दहा मिनिटं उभं राहिलो की डाव्या पायात मुंग्या यायच्या, तोच माणूस मी छातीभर पाण्यात अर्धा तास आरामात चालायचो, पुढे, मागे, आडवं, आणि त्या वेळात कंबर आहे हे पण आठवायचं नाही. पोहणं मी नंतर शिकलो, सुरुवातीचे कित्येक आठवडे नुसतं चालणं. त्यामुळे पोहता येत नाही ही अडचणच नाही हे आईंना आधी सांगा.

दोन गोष्टी सांभाळा मात्र. पाण्यात दुखत नाही म्हणून माणूस जास्त करतो आणि मग घरी आल्यावर अंग जड पडतं, तेव्हा पहिल्या आठवड्यात १५-२० मिनिटांत बाहेर या, कितीही बरं वाटत असलं तरी. दुसरं म्हणजे बाहेर येताना. शिडीवरून वर आलं की अचानक सगळं वजन परत अंगावर येतं, पाय लटपटतात, डोकं हलकं होतं. वर येऊन दोन मिनिटं काठावर बसायचं आणि मगच चालायला लागायचं.

फिजिओ_दादर

मी फिजिओथेरपिस्ट आहे, गुडघे आणि पाठीचे पेशंट रोज बघते, म्हणून जरा लांब लिहिते, चालवून घ्या.

पाण्यात काय वेगळं होतं ते आधी. पाणी शरीराला वर उचलतं हे सगळ्यांना माहीत असतं पण किती ते बघा. ७० किलोची बाई कंबरभर पाण्यात उभी राहिली की तिच्या पायांवर साधारण निम्मंच वजन येतं, छातीपर्यंत पाणी आलं की २० ते २५ किलो आणि गळ्यापर्यंत आलं की फक्त ५-७ किलो. म्हणजे ज्या गुडघ्याला जिना उतरताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार झेलावा लागतो, त्याच गुडघ्याला इथे लहान मुलाएवढं वजन पेलायचंय. म्हणून दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून स्नायू आखडून धरत नाहीत, सांधा पूर्ण वाकतो आणि पूर्ण सरळ होतो. खोली कमी-जास्त करून आपल्याला भार ठरवता येतो, सुरुवात छातीभर पाण्यात आणि जसजशी ताकद येईल तसं कंबरेपर्यंत. जमिनीवर ही सोय नाही.

आता लोकांना वाटतं की वजन नाही म्हणजे व्यायाम पण होत नसणार. तसं नाहीये. पाणी हवेपेक्षा ८०० पट दाट आहे, त्यातून पाय पुढे न्यायचा म्हणजे स्नायूंना काम करावंच लागतं, आणि वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध जवळजवळ चौपट होतो. यातली सगळ्यात चांगली गोष्ट ही की विरोध तुम्ही लावाल तेवढाच. दुखलं, थांबलात, की विरोध संपला. डंबेल हातात असताना तसं होत नाही. हाताचा पंजा आडवा धरून पाणी कापा आणि मग बोटं मिटून पंजा उभा करून पाणी ढकला, फरक लगेच खांद्यात कळेल.

तिसरी गोष्ट पाण्याचा दाब. उभं राहिलं की दाब पावलांवर सगळ्यात जास्त, वर कमी कमी होत जातो. चार फूट खोलीवर तो साधारण ९० मिलिमीटर पाऱ्याएवढा असतो, म्हणजे बीपीच्या खालच्या आकड्याच्या आसपास. त्यामुळे पायात साठलेलं पाणी वर ढकललं जातं, संध्याकाळी ज्यांच्या घोट्यावर सॉक्सचा वळ उमटतो त्यांची सूज उतरते. तसंच पायातलं रक्त पण छातीकडे सरकतं, गळ्यापर्यंत पाण्यात असलं तर साधारण ७०० मिली. हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलतं आणि ठोके मात्र थोडे कमी होतात. म्हणून पाण्यात नाडी मोजून जमिनीवरचे आकडे लावू नका. ताई, तुमच्या आईची बीपीची गोळी जर ठोके कमी करणारी असेल तर मग नाडीवर अजिबातच जाऊ नका. साधं बघायचं, बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढी धाप बरोबर.

पाण्यात गेल्यावर थोड्या वेळाने लघवीला लागते, ती पण याच कारणाने, छातीत रक्त वाढलं की किडनीला पाणी बाहेर टाकायचा निरोप जातो. म्हणून आधी बाथरूमला जाऊन या, आणि नंतर पाणी प्या, कारण पाण्यात घाम येतो तो दिसत नाही एवढंच.

बीपी गोळीने ताब्यात असेल तर चालतं. ताब्यात नसेल, छातीत दुखत असेल, हार्ट फेल्युअर असेल, ताप असेल, जखम उघडी असेल, फिट्स येत असतील आणि औषधाने थांबल्या नसतील तर उतरायचं नाही. इथल्या बहुतेक पोहण्याच्या तलावांना डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतंच, ते नुसती सही आणायला जाऊ नका, डॉक्टरांना गोळ्यांची यादी दाखवून पाण्यात उतरू का असं सरळ विचारा.

चेंबूर_कन्या

किती छान समजावलंत ताई, मी आईला वाचून दाखवलं, लहान मुलाएवढं वजन ऐकून ती पहिल्यांदा "बघू तरी" म्हणाली. पण भीतीचं काय करायचं? ती म्हणते पाय घसरला आणि मी पाण्याखाली गेले तर उठणार कशी. आणि शुगरचं काही वेगळं आहे का?

फिजिओ_दादर

भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. नवीन माणसाला सगळ्यात आधी पाण्यात उभं कसं राहायचं ते शिकवायचं, बाकी सगळं नंतर. पाठीवर आडवं झालो की पाय तरंगतात आणि घाबरून माणूस डोकं मागे टाकतो, मग पाय आणखीच वर येतात. करायचं उलट. हनुवटी छातीला, गुडघे पोटाशी ओढायचे, दोन्ही हातांनी पाणी खाली आणि पायांच्या दिशेने ढकलायचं, पाय आपोआप तळाला लागतात. कोचच्या हातावर आडवं होऊन हे दहा-बारा वेळा करून घ्या, मग माणसाचा चेहरा बदलतो. तोपर्यंत काठाचा दांडा सोडायचा नाही, लाइफगार्ड समोर हवा आणि पाणी छातीच्या वर नको. मोठ्या तलावात उथळ बाजूला पण किती खोल आहे ते विचारून घ्या, आई पाच फूट उंच असतील तर साडेतीन-चार फूट पाणी त्यांना पुरे.

शुगरसाठी, उपाशीपोटी नको आणि भरल्यापोटी पण नको, गोळी घेऊन नाश्ता टाळला आणि पाण्यात गेल्या असं तर मुळीच नको. पिशवीत साखर किंवा ग्लुकोजची पुडी आणि काठावरच्या माणसाला माहिती की यांना शुगर आहे, कारण पाण्यात हातपाय थरथरले तर थंडीने की शुगर उतरल्याने हे पटकन कळत नाही. तळपायाची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी उतरायचं नाही, रबरी तळव्याचे पाण्यातले बूट मिळतात ते घाला, फरशीने सोललेलं त्यांना समजत पण नाही. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करून पाय रोज बघा.

अभ्यासू_ठाणेकर

वरचं सगळं पटतंय पण अपेक्षा किती ठेवायच्या ते पण कोणीतरी लिहायला हवं. गुडघा आणि खुब्याच्या ऑस्टिओआर्थरायटिसवर कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०१६ चा आढावा आहे, १३ अभ्यास, अकराशेहून जास्त पेशंट. त्यात पाण्यातल्या व्यायामाने दुखणं आणि हालचाल दोन्हीत फरक पडला पण तो छोटा, १०० च्या मोजपट्टीवर सरासरी ५ च्या आसपास, आणि तो पण कोर्स संपल्या संपल्या मोजलेला, पुढे किती टिकतो ते वेगळं. शिवाय हाडांसाठी पाणी पुरत नाही. हाडाला घट्ट व्हायला भार लागतो आणि पाण्यात तोच तर काढून घेतलाय. पाळी गेलेल्या बायकांनी फक्त पाण्यावर अवलंबून राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

फिजिओ_दादर

अगदी बरोबर, आणि बरं झालं लिहिलंत. फक्त एक बघा, ती सरासरी आहे. ज्या बाईला गार्डनची अर्धी फेरी होत नाही तिच्यासाठी प्रश्न पाणी चांगलं की जमीन चांगली हा नाहीच, तिच्याकडून जमिनीवर व्यायाम होतच नाहीये. पाण्यात ती आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास हलायला लागली की मांडीचा स्नायू जागा होतो, तोल सुधारतो, धाप कमी लागते, रात्री झोप बरी लागते. मी माझ्या पेशंटना साधारण सहा ते आठ आठवडे देते आणि तिसऱ्या आठवड्यापासून घरी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला पाठ लावून अर्धी बैठक, एका पायरीवर चढ-उतर असं सुरू करते. पाण्यात कमावलेली ताकद जमिनीवर आणावी लागते. पुलाच्या पायऱ्या शेवटी जमिनीवरच उतरायच्या आहेत.

हाडांचं म्हणाल तर चालणं आणि हलकी वजनं हवीतच, पाणी त्याऐवजी नाही.

वजनाबद्दल पण सांगून ठेवते. पाण्यातून बाहेर आलं की सडकून भूक लागते, पाणी गार असेल तर जास्तच. तेव्हा तलावाच्या बाहेरच्या गाडीवर वडापाव खाल्ला तर सगळं परत भरून निघतं. डब्यात काकडी, भिजवलेले मूग, एक फळ असं काहीतरी बरोबर ठेवा.

परळची_सुनबाई

माझ्या सासूबाई जातात, लेडीज बॅचला. त्यांची पहिली अडचण कपड्यांची होती, या वयात ते असलं घालून कुठे जाऊ म्हणून सहा महिने अडून बसल्या होत्या. धोबी तलाव भागातल्या स्पोर्ट्सच्या दुकानांत पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा स्विमसूट मिळाला, अंगभर, वर टोपी. कॉटनचा पंजाबी ड्रेस चालत नाही, पाणी पिऊन जड होतो, पायात अडकतो आणि तलाववाले पण सोडत नाहीत.

तलाव ठरवायच्या आधी एकदा नुसतं जाऊन बघून या. आत उतरायला रुंद पायऱ्या आहेत का उभी लोखंडी शिडी, हे सगळ्यात महत्त्वाचं. आम्ही पहिल्यांदा जिथे गेलो तिथे शिडी होती, उतरल्या कशाबशा पण वर येताना एकेका दांड्यावर सगळा भार त्याच दुखऱ्या गुडघ्यावर, बाहेर आल्या तेव्हा डोळ्यात पाणी. नंतर पायऱ्यावाला शोधला. कपडे बदलायच्या खोलीची फरशी बघा, शेवाळ असेल तर तिथेच घसरायची भीती जास्त. आणि डोळ्यांची जळजळ होईल असा उग्र वास येत असेल तर लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालंय, पण तो वास बहुतेक वेळा क्लोरीन घाम आणि लघवीशी मिसळल्यावर येतो. म्हणून आधी साबणाने आंघोळ करूनच उतरायचं, सगळ्यांनीच. नंतर पुन्हा आंघोळ, अंगाला खोबरेल तेल, कानात पाणी राहिलं तर डोकं कलतं करून काढायचं, बड घालायचं नाही.

जानेवारीत सकाळी सहाच्या बॅचला पाणी इतकं गार असतं की सांधे आणखी आखडतात. थेरपीच्या तलावात पाणी ३३-३५ डिग्री ठेवतात, आपल्या साध्या तलावात तसं नसतं. आम्ही थंडीत उशिराची बॅच घेतो, उन्हाने पाणी जरा कोमट झालेलं असतं.

डोंगरीचा_समीर

मध्येच विचारतो, माफ करा. बाबांची अँजिओप्लास्टी झालीये, चार महिने झाले. त्यांना पण गुडघ्याचा त्रास आहे. त्यांना हे चालेल का?

फिजिओ_दादर

समीर, आधी कार्डिओलॉजिस्टची लेखी परवानगी, त्याशिवाय नाही. स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी) आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) बघून ते सांगतील. परवानगी मिळाली तरी सुरुवात कंबरभर पाण्यातच करायची, गळ्यापर्यंत नाही, कारण वर लिहिलं तसं खोल पाण्यात पायातलं रक्त छातीकडे येतं आणि हृदयावरचं काम एकदम वाढतं. छातीवर पाण्याचा दाब येतो त्यामुळे श्वास घ्यायला पण जास्त जोर लागतो. गार पाण्यात एकदम उडी मुळीच नाही, हळूहळू उतरायचं, हातापायांवर पाणी मारून घ्यायचं. श्वास रोखून कुठलाही व्यायाम नाही. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखलं, चक्कर आली, की काठ धरून लगेच हात वर करायचा आणि बाहेर यायचं. पहिल्या काही वेळेला तुम्ही स्वतः काठावर थांबा, मोबाइल बाजूला ठेवून.