अध्यादेश, जीआर आणि ‘कायद्याचे राज्य’

मंत्र्याने किंवा खात्याने अखत्यारीबाहेर जाऊन काही केले, तर त्याला नेमका शब्द कोणता? बातम्यांत ‘मनमानी’ दिसतो, पण तो कुणालाही लावता येतो. आणि अध्यादेश, वटहुकूम, जीआर हे एकच का?

— वटहुकूम आणि अध्यादेश एकच. जीआर, म्हणजे शासन निर्णय, अगदी वेगळा. अध्यादेश हा कायदाच, फक्त मुदतीचा. विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना राज्यपाल तो अनुच्छेद २१३ खाली काढतात. सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा रीतसर कायदा झाला नाही, तर तो संपतो. शासन निर्णय हा खात्याचा आदेश. कायदा बदलायची ताकद त्यात नाही. गोंधळाचे मूळ मला वाटते कागदावरच आहे. जीआरच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ असते आणि खाली सही उपसचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची. मग मथळा येतो, ‘अध्यादेश निघाला!’ मला हे फार खटकते. खात्याच्या आदेशाला आपणच कायदा म्हणू लागलो, की ‘हा कोणत्या कायद्याखाली काढलात?’ हे विचारायचे राहूनच जाते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला ‘अधिकारबाह्य’ हा शब्द चांगला आहे. ‘मनमानी’त माणसाची वृत्ती दिसते, ‘अधिकारबाह्य’मध्ये ओलांडलेली रेघ.

— पण रेघ न ओलांडताही अतिरेक होतो, त्याचे काय? बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश निघाले. मुदत संपत आली की तोच अध्यादेश पुन्हा काढायचा, असे करत काही तर दहा वर्षांहून अधिक काळ चालले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्रा. डी. सी. वाधवा यांनी एकेक राजपत्र चाळून हे उघडकीस आणले आणि सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने या प्रकाराला जे म्हटले, त्याचे मराठी बहुतेक जण ‘संविधानाची फसवणूक’ असे करतात. मी ‘संविधानाशी प्रतारणा’ म्हणेन. फसवणूक पैशाचीही होते. प्रतारणा ज्याच्याशी निष्ठेची शपथ घेतली त्याच्याशीच होते, आणि राज्यपाल व मंत्री ती शपथ घेऊनच खुर्चीवर बसतात.

— ‘प्रतारणा’ पटला. एक भर घालतो. ‘कायद्याचे राज्य’ आणि ‘कायद्याने राज्य’ हे लोक सर्रास अदलून-बदलून वापरतात. ‘कायद्याचे’ ही षष्ठी: राज्य कायद्याच्या मालकीचे, राज्य करणाराही त्याच्या हाताखाली. ‘कायद्याने’ ही तृतीया, करण: कायदा हातातले हत्यार, चालवणारा दुसराच. बिहारच्या त्या अध्यादेशांवर राज्यपालांची सही होती, राजपत्रात ते रीतसर छापलेही होते. तिथे कायद्याने राज्य चालू होते.