नवीन घर, वास्तुशांत आणि आमची सोनी व शेरू

अनघा लिहिते:

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या मध्यावर आम्ही लंडनमधल्या हौन्सलोचा फ्लॅट सोडून रेडिंगला स्वतःच्या घरात जातोय. शुक्रवारी किल्ल्या मिळतील, शनिवारी सामान हलेल आणि गुरुजींनी वास्तुशांतीचा मुहूर्त लगेच रविवारचा दिलाय. सासू-सासरे पुण्याहून आलेत, त्यांच्या देखत सगळं व्हावं अशी आमची इच्छा आहे. चाळीसेक माणसं येतील.

काळजी आहे ती आमच्या दोघांची. सोनी मांजर आता वयस्कर झालीय आणि फ्लॅटबाहेर तिने कधी पाऊल टाकलेलं नाही. शेरू लॅब्रॅडॉर कुत्रा आहे, खादाड आणि माणसांत रमणारा. पूजेच्या दिवशी त्यांना कुठे ठेवायचं? सोनीला बागेत कधी सोडायचं? ज्यांनी मांजर-कुत्र्यांसकट घर बदललंय त्यांनी कृपया लिहा.

अनघा

वृषाली लिहिते:

प्रिय अनघा,

घराबद्दल मनापासून अभिनंदन. आता स्पष्टच लिहिते: रविवारची वास्तुशांत पुढे ढकल. मी इथल्या एका मांजरांच्या निवाऱ्यात बरीच वर्षं मदतीला जाते. मांजर हरवलं म्हणून फोन येतो, तेव्हा 'आम्ही नुकतंच घर बदललं' हे मी फार वेळा ऐकलंय.

मांजराचा जीव जागेत असतो. सोफ्याचा कोपरा, दाराची चौकट, तुझी पोटरी, सगळीकडे गाल घासून सोनीने आपला वास लावून ठेवलाय. रेडिंगच्या घरात तिला ओळखीचं काहीच सापडणार नाही. अशा वेळी मांजर एक तर दडून बसतं किंवा पळतं. त्यात दुसऱ्याच दिवशी होम! आपल्या इथल्या घरांत होमाचा धूर झाला की धुराचा अलार्म कर्कश वाजायला लागतो. मग कोणीतरी धावत जाऊन पुढचं-मागचं दार सताड उघडतं. घाबरलेली मांजर निसटते ती नेमकी त्या क्षणी, आणि एवढ्या माणसांत ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

पहिल्या दिवशी कलश घेऊन आत जा, देवापुढे दिवा लाव, दूध उतू घाल. गृहप्रवेश तेवढ्याने छान होतो. गुरुजींना नीट सांगितलंस तर ते पुढचा मुहूर्त नक्की काढून देतील.

सोनीसाठी एक खोली आधी तयार कर, शक्यतो वरच्या मजल्यावरची. तिचं न धुतलेलं अंथरूण, शी-शूसाठी मातीचा ट्रे, पाणी, खाणं आणि लपायला एक उघडं खोकं, एवढं पुरे. सामान उतरवून होईपर्यंत ती खोली बंद, दारावर मोठ्या अक्षरांत कागद. एक सुती फडकं तिच्या गालांवरून हळूच फिरव आणि तेच नव्या घरातल्या टेबलांच्या पायांना, दारांच्या कडांना तिच्या उंचीवर पुस. दोन-चार दिवस रोज कर. ती तिथे नाक लावून थांबेल, मग स्वतःच गाल घासेल. असं दिसलं की एकेक खोली उघडायला हरकत नाही.

त्याआधी स्वयंपाकघर गुडघे टेकून बघ. खालच्या कपाटांच्या तळाशी जमिनीलगत जी पट्टी असते ती बरेचदा एका टोकाला सुटलेली असते. मांजर त्या फटीतून आत शिरलं की पार भिंतीपर्यंत जातं आणि हाकेला ओ देत नाही. जुनी फायरप्लेस असेल तर तीही बंद कर. आधीच्या मालकांनी मांजरासाठी दारात झडप बसवली असेल तर तिला पहिल्याच दिवशी कुलूप.

बाहेर सोडायला किमान तीन आठवडे थांबावं, पण तुझ्या बाबतीत तेही पुरणार नाहीत. तोवर दिवाळी आणि ५ नोव्हेंबरचे, म्हणजे इथल्या बॉनफायर नाइटचे, फटाके येतात. एरवी इंग्लंडमध्ये रात्री ११ पर्यंत फटाक्यांना परवानगी असते, ५ नोव्हेंबरला ती १२ पर्यंत आणि दिवाळीत तर रात्री १ पर्यंत. हे सगळं शांत झाल्यावर, जेवणाच्या आधी, ती भुकेली असताना थोडा वेळ सोड आणि तू सोबत उभी राहा.

आता खाण्याचं. शिऱ्यातले, प्रसादातले बेदाणे कुत्र्यांना घातक असतात. त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ले तर चालतील असं कोणीच सांगू शकत नाही. लाडाने द्रोण पुढे करणाऱ्या आजी-आजोबांना हे आधीच सांग. शेरूने खाल्लेच तर वाट न पाहता प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन कर. कांदा-लसूणही नको. सजावटीत लिली अजिबात नको: अंगावर पडलेले पराग चाटले तरी मांजर दगावू शकतं. आणि साड्यांच्या बॅगांमध्ये भारतातून आणलेल्या डांबर गोळ्या असतील तर त्या बॅगा सोनीच्या खोलीत ठेवू नकोस. या गोळ्या सोनी आणि शेरू दोघांनाही विषारी आहेत.

वृषाली

सुहास लिहितो:

वृषालीताईंनी सगळं लिहिलंच आहे, कायद्याचं तेवढं मी सांगतो. इंग्लंडमध्ये कुत्र्यांना २०१६ पासून आणि मांजरांना १० जून २०२४ पासून मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) सक्तीची आहे, आणि तिच्या नोंदीत पत्ताही चालू असावा लागतो. नसेल तर ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. डॉक्टरांकडे नवा पत्ता दिला म्हणजे चिपच्या नोंदीत तो आपोआप बदलतो असं नाही, ते वेगळं करावं लागतं. शेरूच्या पट्ट्यावरच्या बिल्ल्यावर मालकाचं नाव आणि पत्ता हवा, हा १९९२ चा नियम आहे. बिल्ला आधीच करून घ्या आणि किल्ल्या हातात पडताच बदला. गाडीत दोघांनाही बांधून किंवा पिंजऱ्यात न्या.

शेरूला बागेत मोकळं सोडण्याआधी कुंपणाच्या कडेने एकदा चालून बघा. लॅबला मोडकी फळी पुरते. त्याच्या फिरण्या-खाण्याच्या वेळा मात्र पहिल्या दिवसापासून त्याच ठेवा, त्याने कुत्रं फार लवकर सावरतं.

सुहास

अनघा लिहिते:

वृषालीताई, सुहास, खूप आभार. गुरुजींशी बोलले. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला मुहूर्त त्यांनी आनंदाने काढून दिला, आणि सासूबाईंचं परतीचं तिकीट त्यानंतरचं आहे. शनिवारी कलश आणि दूध त्यांच्याच हातून होईल. बेदाण्यांचं वाचल्यावर 'शिऱ्यात फक्त वेलची आणि केशर घालू' असं त्याच म्हणाल्या. पैठण्यांची बॅग सासऱ्यांनी लगेच गॅरेजच्या यादीत लिहिली.

एक विनंती. सामान हलवण्याच्या शनिवारी शेरूला दिवसभर ठेवून घेईल असं हौन्सलो किंवा फेल्टममध्ये कोणी असेल तर मला थेट कळवा. त्याला मांजरांची सवय आहे, लहान मुलांशी छान वागतो. खाणं मी डब्यात देईन, दुपारी एकदा फिरवून आणावं लागेल.

अनघा