मॉमझेन यांच्या रोमच्या इतिहासाचा चौथा खंड कुठे आहे?

प्रश्न (सातारा): एम.ए.च्या अभ्यासासाठी टेओडोर मॉमझेन वाचतो आहे. मुळात कायद्याचे अभ्यासक असलेल्या या जर्मन विद्वानाचे पहिले तीन खंड १८५४ ते १८५६ या काळात निघाले आणि पाचवा थेट १८८५ मध्ये. मग चौथा कुठे गेला?

उत्तर (सांगली): सम्राटांच्या काळावरचा तो खंड त्यांनी प्रसिद्धच केला नाही. कारणांविषयी मतभेद आहेत. पण लॅटिन शिलालेखांचा महासंग्रह बर्लिनच्या अकादमीसाठी उभा करताना, शक्य तिथे मूळ दगड पाहूनच पाठ छापावा, असा आग्रह धरणाऱ्याला कथनात्मक इतिहासासाठी सवड कशी मिळणार, असे मला वाटते. शिवाय १८८० मध्ये त्यांच्या घराला आग लागून ग्रंथसंग्रहाची मोठी हानी झाली.

उत्तर (वाई): आधी साधने, मग इतिहास, ही वृत्ती आपल्याला इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्यामुळे परिचित आहे, त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा, आणि त्यातली कागदपत्रे आमच्या वाईची! मॉमझेन यांच्या सम्राटकाळावरील व्याख्यानांची श्रोत्यांनी घेतलेली टिपणे मात्र १९९२ मध्ये छापली गेली. चौथ्या खंडाऐवजी तीच पाहावीत.

उत्तर (सातारा): त्यांचे राजकारणही वगळू नका. जर्मनीतील १८४८-४९ च्या क्रांतिकारी चळवळीतील सहभागामुळे लाइपझिगची प्राध्यापकी गेली, आणि १८८० मध्ये त्यांनी जर्मन इतिहासकार ट्राइट्श्के यांच्या ज्यूविरोधी लेखनाला जाहीर उत्तर दिले. १९०२ चे साहित्याचे नोबेल त्यांना मिळाले, तेही प्रामुख्याने याच अपुऱ्या इतिहासासाठी.