चालतंय तोवर चालू द्या म्हणणाऱ्यांसाठी

जुना फिटर:
परवा इथे एकाने लिहिलं, "चालू मशीनला हात लावू नका, पीएमने (ठरल्या तारखेला मशीन उघडून केलेल्या देखभालीने) जेवढी मशीनं बिघडतात तेवढी चालवून बिघडत नाहीत." वाचून डोकं फिरलं. बावीस वर्षं पंपांवर काढलीत मी. बेअरिंग एका दिवसात जात नाही, आधी कंपन वाढतं, मग आवाज येतो, मग बेअरिंगचं घर, म्हणजे हाउसिंग, इतकं तापतं की हात टेकवत नाही आणि जाताना शाफ्ट घेऊन जातं. कंपन वाढलं तेव्हाच पकडलं तर अर्ध्या पाळीचं काम, नाहीतर शाफ्ट, सील, कपलिंग सगळं नवीन आणि प्लांट बंद. रात्री तीनला फोन कोणाला येतो? आम्हाला.

रात्रपाळी:
ती पोस्ट माझी आणि शब्द मागे घेणार नाही. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांचा १९७८चा रिपोर्ट वाचा. विमानाच्या तपासलेल्या भागांपैकी ८९ टक्क्यांत "इतके तास झाले, बदला" याला आधार सापडला नाही. ६८ टक्क्यांत तर बिघाडाचा धोका नवीन बसवल्या बसवल्याच जास्त. आमच्याकडे सहा महिने झाले म्हणून चांगला चाललेला गिअरबॉक्स उघडला, बसवताना तेल अडवणाऱ्या ऑइल सीलचं लिप, म्हणजे रबरी कड, मुडपलं, चौथ्या दिवशी तेल जमिनीवर. ठणठणीत माणसाचं पोट कोणी फाडून बघतं का?

जुना फिटर:
लिप मुडपलं तो दोष बसवणाऱ्याचा. की-वेच्या, म्हणजे शाफ्टवरच्या खाचेच्या, कडेवर टेप लावून सील सरकवायचं असतं, एवढं कोणी शिकवत नाही आता.

प्रॉडक्शनवाला:
तुमचं चालू द्या, पण मशीन बंद ठेवल्याचा जाब मला द्यावा लागतो. चार तास मागता, बारा तासांनी परत देता, आणि लॉगबुकात काय? "चेक केले, ओके." काय चेक केलं? मागच्या महिन्यात तुमच्या लोकांनी पंपाचा सक्शन व्हॉल्व्ह (पंपात येणारी वाट) बंद केला, लिहिलं नाही, "चालू करू नका" असा टॅग नाही, पाळी बदलली, आमच्या पोराने स्टार्ट दाबला. पंप कोरडा फिरला, मेकॅनिकल सील जळालं, आणि मेमो त्या पोराला!

जुना फिटर:
सुरू करण्याआधी व्हॉल्व्ह बघायचा असतो हे त्या पोराला कोणी सांगितलं नव्हतं?

प्रॉडक्शनवाला:
झालं, पुन्हा आमच्यावरच. १९८८मध्ये उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर स्फोट आणि आगीत १६७ माणसं गेली. पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून नेलेला, त्याचं परमिट, म्हणजे काम चालू असल्याचा कागद, रात्रीच्या पाळीपर्यंत पोचलंच नाही, दुसरा पंप ट्रिप होऊन बंद पडल्यावर त्यांनी तोच चालू करायला घेतला. तिथेही म्हणाल, बघायला हवं होतं? त्यांना बघायला कागदच नव्हता हातात.

रात्रपाळी:
याबाबतीत मी प्रॉडक्शनच्या बाजूने. मी स्वतः पाळी बदलताना पाच मिनिटं तोंडी चार्ज घेऊन रात्री काढल्यात, कुठलं मशीन उघडंय ते टॉर्च घेऊन शोधत फिरलोय.

जुना फिटर:
ठीक आहे, लिहिण्याचं मान्य. आमची पोरं लिहायला कंटाळतात, टॅग तर लागलाच पाहिजे. पण मशीन मागितलं की "उद्या घ्या" किती वेळा ऐकायचं? दोन आठवडे कंपनाचे आकडे वाढत होते, रोज पाठवत होतो.

रात्रपाळी:
आकडे वाढले म्हणून उघडायला माझा विरोध कधीच नव्हता. तारीख आली म्हणून उघडायला आहे.

जुना फिटर:
मग परवाच्या पोस्टमध्ये तसं लिहायचं होतं. "हात लावू नका" वाचून आमचा मॅनेजर मशीनं तपासायचा राउंडसुद्धा बंद करेल.

प्रॉडक्शनवाला:
आकडे मला कोणी दाखवलेच नाहीत. ते तुमच्या ऑफिसात पडून होते.